ऊब आणि चटका

मोटारीच्या बैठकीलाही शेगडी असते, ही गोष्ट वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत माझ्या गावीही नव्हती. माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात, डब्यांच्या दिवाबत्तीच्या खात्यात माझी ३४ वर्षे गेली. दिवे, पंखे, बॅटऱ्या आणि डब्याच्या पोटाखालचे तारांचे जंजाळ यांच्याशी माझा जन्माचा ऋणानुबंध. परंतु माणसाला बसल्या जागी गरम करण्यासाठी आमच्या मुंबईत वेगळे यंत्र लागत नाही. ते काम मे महिना आणि सायंकाळची लोकल फुकटात करतात!

२०२४ च्या नोव्हेंबरात लेकीने आम्हा दोघांना कॅनडाला बोलावून घेतले. तिचे बिऱ्हाड विनिपेगला आहे. समुद्र शेकडो मैल दूर, चहूकडे सपाट माळ, आणि थंडी अशी की तिला कुणाची भीडभाड म्हणून नाही. जानेवारीत पारा उणे ३० वर गेला तरी तिथे कुणी कचेरीला दांडी मारीत नाही. पहिल्याच दिवशी दारोदारच्या मोटारींच्या नाकातून लोंबणाऱ्या वायरी पाहून मला वाटले, इथल्या सगळ्या गाड्या विजेवर चालतात की काय! जावयाने खुलासा केला. रात्री इंजिन गारठून जाऊ नये म्हणून त्यात एक हीटर बसवलेला असतो, त्याची ही वायर. जिथे इंजिनाला पांघरूण लागते तिथे माणसाची काय कथा?

बैठकीच्या शेगडीची ओळखही अशीच झाली. जावयाने एक बटण दाबले आणि दोन-तीन मिनिटांत खालून आणि पाठीमागून मंद ऊब येऊ लागली. आमच्या सौ.चा चेहरा उजळला. "अहो, आईच्या गोधडीत बसल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. तिला पंधरा वर्षे मधुमेह. थंडीने सांधे धरतात. शिवाय उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर झालेली. जांघेतून जाणारी एक बारीक नस दबल्याने असे होते, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून आम्हीही ते विसरून गेलो होतो. वाचकहो, ही बधिर जागा तेवढी लक्षात ठेवा.

अशी बैठक काही आजची नव्हे. अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींत ती १९६६ साली मिळू लागली, आणि पुढे १९७१ च्या सुमारास स्वीडनच्या साब कंपनीने चालकाच्या बैठकीत ती सरसकट बसवायला घेतली. तिच्यातली युक्ती आपल्या घरातल्या इस्त्रीचीच. विजेला अडथळा करणारी तार घ्यायची, तिच्यातून प्रवाह सोडायचा, तार तापते. इस्त्रीत ती लोखंडात दडलेली असते, इथे ती नागमोडी वळणे घेत पातळ कापडावर चिकटवलेली असते. हे कापड फोमच्या गादीवर आणि त्यावर खोळ. तारेच्या मध्यभागी डाळीच्या दाण्याएवढा एक तापमापक असतो. थंडीत त्याचा विद्युत्‌रोध वाढतो, उबेत कमी होतो. त्यावरून गाडीला कळते की बैठक पुरेशी तापली, आता वीज तोडावी. बैठक साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास राहावी, असा एकंदर हिशेब.

डिसेंबर संपता संपता एके दिवशी सौ.च्या बाजूची बैठक थंड पडली. बटणावरचा दिवा लागे, ऊब मात्र नाही. गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला तो ऐकून मला उणे ३० तही घाम फुटला. मी जावयाला म्हटले, "अहो, १२ व्होल्टचं काम ते! आम्ही ११० व्होल्टवर अख्खे डबे चालवले. उद्या रविवार आहे, गाडी आत घ्या."

जावईबापू सज्जन गृहस्थ. सासऱ्याचा शब्द मोडणे त्यांच्या स्वभावात नाही. तेवढे एकच म्हणाले, "बाबा, सीटखाली पिवळ्या आवरणाची वायर दिसेल. तिला हात लावू नका. ती एअरबॅगची." खरोखरच हा सल्ला लाखमोलाचा होता. अपघातात फुगणारी ती पिशवी चुकून गॅरेजात फुगली तर दुरुस्त करणाऱ्याचीच दुरुस्ती करावी लागायची!

मी पद्धतशीर सुरुवात केली. दोष शोधताना विजेच्या उगमाकडून निघावे आणि एकेक मुक्काम तपासत पुढे जावे, हे आमच्या फोरमनने पहिल्या महिन्यात शिकवले होते. पहिला मुक्काम फ्यूज. त्या गाडीत दोन्ही बैठकींना मिळून एकच फ्यूज होता आणि चालकाची बैठक गरम होत होती. म्हणजे फ्यूज शाबूत. दुसरा मुक्काम बैठकीखालची जोडणी. तिथे मीटर लावला तर वीज येत होती. म्हणजे बटण, वायर, सारे ठीक. दोष त्याच्या पलीकडे, गादीतच.

आता बॅटरीची तार सोडवली, थोडा वेळ थांबलो, आणि मीटर ओहमवर फिरवून गादीतली तार तपासली. पाठीकडचा भाग १.४ ओहम, उत्तम. बसण्याचा भाग मात्र मीटरला काहीच दाखवीना. तार तुटलेली! हे दोन्ही भाग एकाच साखळीत होते. आपल्या लहानपणीच्या दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखे. एक दिवा गेला की सारी माळ अंधारात. म्हणून बसण्याचा भाग तुटताच पाठही थंड झाली होती.

बैठक सोडवून उलटी केली. खोळ फोमला लोखंडी कड्यांनी घट्ट आवळलेली असते. पक्कडीने एकेक कडी उघडली आणि खोळ अलगद मागे घेतली. उजव्या कडेला, दाराच्या बाजूला, तार एका ठिकाणी तुटून तिची दोन टोके एकमेकांकडे पाहत होती. जवळ फोमलाही खळगा पडलेला.

जावई वाकून पाहत म्हणाले, "इथे कुणी गुडघा टेकवला असणार. मागच्या सीटवरचं सामान काढताना लोक टेकवतात. सगळं वजन एका जागी येतं आणि तार तुटते."

मी घसा खाकरला. चार दिवसांपूर्वी मागच्या बैठकीवरची दहा किलो कणकेची पिशवी पुढच्या दारातून ओढून काढण्याचा पराक्रम मीच केला होता, आणि गुडघा नेमका तिथेच टेकवला होता. पण सासरेपणालाही काही मान असतो! मी म्हणालो, "असेल, कुणीतरी टेकवला असेल."

खरे तर नवी गादी मागवणे हाच योग्य मार्ग होता. जावयाने तसे सुचवलेही. पण हाताला सवय होती आणि मनाला घाई. मी दोन्ही टोके खरवडली, एकमेकींत पिळली आणि कथलाचा डाग दिला. डाग नीट धरेना. ही तार काही साधी तांब्याची नसते, तिच्यावर कथील सहजासहजी बसत नाही. तरी कसाबसा एक मणी जमवला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि मीटर लावला. बसण्याचा भाग १.७ ओहम! खोळ चढवली, कड्या आवळल्या, बॅटरी जोडली, बटण दाबले. पाच मिनिटांत बैठक उबदार झाली. लेकीने आल्याचा चहा केला. नातू म्हणाला, "आजोबा इज अ जीनियस." त्या वाक्याचे मराठी भाषांतर करण्याची गरज मला वाटली नाही.

दोन आठवडे सारे सुरळीत चालले. संक्रांतीनंतरच्या शनिवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मराठी घरी हळदीकुंकू होते. सौ.ने काळी साडी नेसली. आत लोकरीची विजार घाल, असे लेक सांगत होती. "घरात भट्टीसारखं गरम असतं, मला कोंडल्यासारखं होतं," म्हणून तिने ती घातली नाही. जाड कोट चुरगळू नये म्हणून बसताना तो मागून वर सावरून घेतला. जायला चाळीस मिनिटे, यायला चाळीस मिनिटे. येताना मोटारीत काहीतरी करपल्याचा वास आल्यासारखा मला वाटला. पण बाहेर बर्फ, काचा बंद, आणि मांडीवर तिळाच्या वड्यांचा डबा. मी मनाशी म्हटले, वड्याच जरा जास्त भाजल्या असतील.

रात्री साडी घडी करताना सौ. थबकली. काळ्या साडीवर चार आण्याच्या नाण्याएवढा तपकिरी, कडक डाग होता. लेकीने तिला बाजूला नेले. उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, नेमक्या त्याच जागी, तेवढाच फोड. तोही चांगला टरारलेला. आणि हिला त्याची खबरही नाही!

लेकीने फोडावर गार पाण्याची धार धरायला लावली. बर्फ नाही, हळद नाही, दंतमंजन नाही. नुसते गार वाहते पाणी, वीस मिनिटे, आणि वर स्वच्छ पट्टी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिले. "साखर असलेल्या माणसाची जखम हळू भरते, जपा," एवढेच म्हणाले. ती भरायला सहा आठवडे लागले. ते सहा आठवडे मी रोज संध्याकाळी पट्टी बदलण्याच्या वेळी खोलीबाहेर उभा राही.

त्या पहिल्या रात्री मी तिला विचारले, "अगं, तुला वासही आला नाही?"

"आला होता की."

"मग बोलली का नाहीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेनं केलं होतंत. मुलांसमोर कशाला?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने किती ठिकाणी असे न बोलता सोसले असेल, याचा हिशेब त्या रात्री मी प्रथमच मांडू लागलो, आणि मला झोप लागेना. पहाटे तिला जाग आल्यावर मी सांगून टाकले, "ती तार कुणी तोडली माहीत आहे? मीच. कणकेची पिशवी काढताना." ती हसली. म्हणाली, "ते मला ठाऊक होतं. मी खिडकीतून पाहिलं होतं."

सकाळी गाडी पुन्हा आत घेतली. आता मला दुरुस्ती करायची नव्हती, आधी काय चुकले ते पाहायचे होते. त्याच तारेला पुन्हा मीटर लावला. आकडा २ च्या घरात. मग उजव्या कडेवर तळहाताने भार दिला. आकडा नाचू लागला! १.८, २.१, २.३. माझा सांधा खिळखिळा झाला होता. दोन टोके नुसती एकमेकींना टेकून होती. कुणी बसले की हलत, आणि हलली की त्यांच्यामधला रोध वाढे.

गणित अगदी शाळेतले आहे. तारेतून सुमारे ४ अँपिअर प्रवाह जातो. सांध्यात अर्धा ओहम रोध आला, तर ४ गुणिले ४ गुणिले अर्धा, म्हणजे ८ वॉट. सबंध बैठकीत मिळून ५०-६० वॉट पसरलेले असतात, तेव्हा हाताला ती नुसती कोमट लागते. हेच ८ वॉट गव्हाच्या दाण्याएवढ्या एका ठिकाणी एकवटले, तर तिथे डाग देण्याची लहानशी सळईच ठेवल्यासारखे होते. मग तापमापकाने वीज तोडली कशी नाही? तो बसला होता मध्यभागी आणि सांधा होता कडेला. त्याच्यापुरती बैठक अगदी ठीक होती. माणूस काय आणि यंत्र काय, जिथे बसलेले असते तिथलीच हकिकत सांगते.

आणि जी दुसरी पहारेकरी असायची, ती मांडीची त्वचा, तीही नेमकी त्या जागी बधिर. निरोगी माणसाला असा चटका बसता तर तो क्षणात उडाला असता. भाजण्यासाठी आगच लागते असे नाही. १९४७ साली मोरित्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी याचे मोजमाप केले होते. ४४ अंशांची उष्णता अंगाला सुमारे ६ तास लागून राहिली तर त्वचा भाजते. त्यापुढे ५१ अंशांपर्यंत दर अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. म्हणजे ५१ अंशांना तो दोन-तीन मिनिटांवरच येतो. गरम बैठकीने भाजल्याच्या घटना अमेरिकेतही घडल्या आहेत. विशेषतः मधुमेही आणि कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसांच्या बाबतीत. २०११ साली तिकडच्या काही डॉक्टरांनी आणि सुरक्षिततेचे काम करणाऱ्यांनी सरकारच्या वाहन सुरक्षा खात्याकडे, या बैठकींच्या तापमानाला मर्यादा घाला, अशी मागणी केली होती.

माझी खरी चूक कोणती, तेही मला कळले. माटुंग्याला आम्ही दिवा लागला म्हणून डबा सोडीत नसू. पूर्ण भार टाकून, वायर हलवून, सांध्याला हात लावून पाहत असू. इथे मी रिकाम्या बैठकीवर मीटर लावला, ऊब आली म्हणून खूश झालो, आणि चहा प्यायला गेलो. ऊब येणे निराळे आणि बैठक निर्दोष असणे निराळे. चौतीस वर्षे जो नियम दुसऱ्यांना शिकवला, तो घरच्या माणसाला बसवताना विसरलो.

मग नवी गादी मागवली. त्याच गाडीसाठी बनवलेली, तापमापकासह. बॅटरी सोडवून, पिवळ्या वायरीला न छेडता, जुनी गादी सोलून काढली. नवी अंथरताना एकही सुरकुती राहू दिली नाही, कारण तार घडीत दुमडली की तिथे उष्णता साचते. शेजारच्या बैठकीत कुणी बसले आहे की नाही हे ओळखणारी एक पट्टीही फोमखाली असते, तिला धक्का लावला नाही. गाडी सुरू करून एअरबॅगचा इशारा देणारा दिवा विझल्याची खात्री केली.

पण खरी परीक्षा पुढे होती. लेकीच्या स्वयंपाकघरातला तारेचा थर्मामीटर आणला आणि जावयाला बैठकीवर बसवले. वीस मिनिटे. मध्यभागी, डाव्या कडेला, उजव्या कडेला, पुढे, मागे, प्रत्येक ठिकाणी तार सरकवून आकडा टिपला. ३९, ४०, ३९, ४१, ४०. मग मी स्वतः बसलो, मुद्दाम हललो, एका अंगावर कललो, पुन्हा टिपले. जावई म्हणाले, "बाबा, चहा?" मी म्हटले, "अजून दहा मिनिटं."

आता तुम्ही म्हणाल, आमच्या पुण्या-मुंबईला या बर्फातल्या हकिकतीचे काय? मोटारीचे राहू द्या, पण कपाट उघडून पाहा. आजीच्या गुडघ्यांसाठी आणलेली शेकायची विजेची पट्टी आपल्या घरोघरी आहे. तिची वायर बोटाने दाबली की मध्येच चालू होते आणि मध्येच बंद पडते. "अजून चालते की," म्हणून आपण तिच्यावर चिकटपट्टी मारतो. तीच तार, तोच सांधा, आणि बहुधा तोच मधुमेह. अशी पट्टी दुरुस्त करू नका, सरळ टाकून द्या. नवी आणलीत तर आजीला देण्याआधी अर्धा तास आपल्या मांडीवर ठेवा आणि कडाकोपऱ्याला हात फिरवून पाहा. आजीला ती लावून झोपू देऊ नका. आणि "ठीक आहे ना?" असे विचारून थांबू नका. ठीक आहे, असेच उत्तर येईल. उठून, हात लावून पाहा.

मार्चमध्ये परत निघालो. विमानतळाकडे जाताना जावयाने बटण दाबले. पाच मिनिटे झाली असतील नसतील तोच सौ. म्हणाली, "अहो, कडेला जरा जास्त लागतंय का बघा बरं."

जावयाने गाडी बाजूला घेतली. मी हातमोजा काढून बैठकीवर हात फिरवला. सगळीकडे सारखी कोमट. शंका वृथा होती.

"काही नाही गं," मी म्हणालो, "पण सांगितलंस ते बरं केलंस."